टर्बो की एनए? परफॉर्मन्स कार घेताना या चुका टाळा

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा, आणि एनए (नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड) म्हणजे टर्बोशिवाय स्वतःच हवा ओढणारं इंजिन. बहुतेक लोक ब्रोशरवरचा हॉर्सपॉवरचा आकडा बघतात आणि तिथेच फसतात. अरे तो आकडा कितव्या आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) येतो ते पण बघा ना! होंडा एस२००० चं २ लिटर एनए इंजिन २४० च्या आसपास हॉर्सपॉवर देतं, पण ८००० च्या वर फिरवलं तरच, आणि टॉर्क (ओढण्याची ताकद) २०८ न्यूटन मीटर तोही ७५०० ला. सातव्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयचं २ लिटर टर्बो पॉवरमध्ये थोडं मागे, २२० पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच), पण ३५० न्यूटन मीटर १५०० पासूनच हातात. मग रोज ट्रॅफिकमध्ये ३००० च्या आत चालवणाऱ्याने एस२००० घेतली तर "गाडीत दमच नाही" म्हणणार, आणि दम वर पडून राहिलाय, तिथे हा कधी जातच नाही.

उंचीवर राहत असाल तर अजून एक गोष्ट. दर १००० मीटरला एनए इंजिन साधारण १० टक्के पॉवर घालवतं, कारण हवाच विरळ. टर्बो ते बरंचसं भरून काढतो.

"आत्ता एनए घेतो, नंतर टर्बो बसवू" हा प्लॅन तर डोक्यातून काढाच. एस२००० चंच घ्या, कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो) आधीच ११ च्या आसपास, त्यावर बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) टाकला की नॉकिंग आलं, म्हणजे मिश्रण चुकीच्या वेळी आपोआप पेटणं, मग इंजेक्टर, ट्यूनिंग, क्लच, कधी कधी पिस्टनसुद्धा. आधीच टर्बो असलेली गाडी घेऊन रिमॅप केलेलं (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून पॉवर वाढवणं) स्वस्त पडतं. उलट एनए गाडीला फिल्टर आणि एक्झॉस्ट लावून फार काही मिळत नाही, आवाज मिळतो (तो मस्त असतो हे मान्य).

ट्रॅकवर जाणारे टेस्ट ड्राइव्हला एकदाच जोरात पळवून बघतात, ते पुरेसं नाही. टर्बो गाडीचा इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग) तापला की आत जाणारी हवा गरम होते, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि तीच गाडी थोड्या लॅप्सनंतर मंद वाटायला लागते. म्हणून सलग पळवून बघा.

आता घरी टर्बो गाडी आहे आणि अचानक ओढत नाहीये? लगेच "टर्बो गेला" म्हणून नवीन मागवू नका. आधी पाइप आणि क्लॅम्प बघा, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर फुस्स आवाज येत असेल तर बूस्ट लीक आहे, मग वेस्टगेट (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप), डायव्हर्टर व्हॉल्व्ह (जादा दाबाची हवा वळवणारी झडप), आणि टर्बो सगळ्यात शेवटी.

अजून एक, टॉप गिअरमध्ये १५०० आरपीएमला फुल अ‍ॅक्सिलरेटर देऊ नका, कमी आरपीएमला एवढा लोड आला की डायरेक्ट इंजेक्शन टर्बोमध्ये मिश्रण वेळेआधीच पेटू शकतं आणि पिस्टन फुटू शकतो. गिअर खाली घ्या, आणि गाडीच्या माहितीपुस्तकात चालतं असं लिहिलं असेल तर एपीआय एसपी ग्रेडचं (या वेळेआधी पेटण्यापासून जपणारं) इंजिन ऑइल टाका.