एम्बेडेडमधे पीएचडी करायचीय? टॉपिक राहू द्या, आधी एक बग आणा

गेट परीक्षेचा निकाल लागला की इंदूरातली दोन-चार पोरं हमखास विचारतात, दादा एम्बेडेड सिक्युरिटीत, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेल्या छोट्या कॉम्प्युटरांच्या सुरक्षेत, पीएचडी करायचीय, टॉपिक काय घेऊ? टॉपिक मागू नका हो, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एक बग घेऊन या.

माझा बग काकांच्या गच्चीवर सापडला. टाकी रिकामी दिसली की पंप सुरू, दहा मिनिटांनी बंद, एवढंच काम, मी आर्डुइनो नावाच्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डावर कोड लिहून दिला, दीड महिन्यावर मस्त चाललं आणि एका सकाळी पंप सारखा चालू-बंद चालू-बंद, काकू खालून ओरडतायत, मी पोहे तसेच टाकून पळालो तर वर पोचेपर्यंत सगळं आपोआप नीट! झालं काय होतं, तर मिलीसेकंद मोजणारा काउंटर 32 बिटांचा, तो 49.7 दिवसांनी भरतो आणि परत शून्यावर येतो. मी 'बंद करायची वेळ म्हणजे आत्ता अधिक दहा मिनिटं' असं लिहिलेलं, ती बेरीज 32 बिटांत न मावता शून्यावरून वळून छोटा आकडा झाली, बोर्डाला वाटलं वेळ कधीच होऊन गेली. हसू नका, बोइंग 787 सलग 248 दिवस पॉवरवर राहिलं तर जनरेटरची कंट्रोल युनिटं बंद पडू शकतात म्हणून 2015 मधे अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेला, एफएएला, आदेश काढावा लागला, तिथेही काउंटरच भरत होता.

आता बग परत घडवा, पण 49 दिवस वाट बघत बसू नका. वेळ देणारं फंक्शन आपल्या फंक्शनमधे गुंडाळा, त्यात एवढा आकडा मिळवा की काउंटर भरायला एकच मिनिट उरेल. हवं तेव्हा घडतो म्हणजे बग हातात आला.

दुरुस्ती सोपी आहे, बेरीज न करता 'आत्ता वजा सुरुवात' दहा मिनिटांपेक्षा जास्त झालं का ते बघा, अनसाइन्ड म्हणजे ऋण न होणाऱ्या आकड्यांत वजाबाकी वळणावरही बरोबर येते. पण पीएचडी दुरुस्तीत नाहीये भिया, खरी गंमत पुढे आहे. हाच कोड सीबीएमसी नावाच्या, सी कोडमधल्या चुका शोधणाऱ्या टूलला द्या, फुकट मिळतं. अनसाइन्ड आकडा वळणं सी भाषेत कायदेशीर, त्यामुळे टूल गप्प बसतं. मुद्दाम असं वळण पकडणारा चेक चालू केलात तर चुकीची बेरीज पकडतं आणि बरोबर वजाबाकीवरही बोंब मारतं! कुठलं वळण प्रोग्रामरला हवं होतं आणि कुठलं नको होतं हे टूलला कसं कळावं? हा झाला रिसर्चचा प्रश्न, आधी कोणी काय केलंय ते आता शोधा, याआधी पेपर वाचत बसलात तर डोक्यात नुसता काला होतो.

'अख्खी आरटीओएस (अशा बोर्डांवरची ऑपरेटिंग सिस्टीम) बिनचूक आहे हे सिद्ध करून दाखवतो' असं प्रपोजलमधे लिहू नका. एसईएलफोर नावाच्या कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचं, सी कोड साधारण 8,700 ओळींचं, 2009 मधे त्याचा पुरावा छापला तो 2 लाख ओळींच्या आसपास, आणि मागे अख्खी टीम होती.

बोर्ड स्वस्तातला घ्या, एसटीएम32एफ103सी8 चिपवाला चालेल, त्यात रॅम 20 केबी. तुमचा सुरक्षेचा उपाय त्यातले 15 खाऊन बसला तर मूळ काम कुठे चालवणार? म्हणून पहिल्या दिवसापासून रॅम, फ्लॅश आणि वेळ, आधी किती नंतर किती, तारखेसकट वहीत लिहा.

ॲडमिशनचं थोडक्यात, गेटचा स्कोअर 3 वर्षं चालतो, यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएचडीला कमीत कमी 3 वर्षं आणि कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं. इंदूरजवळ सिमरोलला आयआयटी आहेच, गावात एसजीएसआयटीएस कॉलेज आहे, पण नाव बघून गाइड निवडू नका, त्यांच्या सध्याच्या स्टुडंटला चहाला न्या आणि विचारा, ड्राफ्ट दिला की किती दिवसांत वाचून परत येतो? तो उत्तर द्यायच्या आधी हसला तर दुसरा गाइड बघा. पहिल्या भेटीला स्लाइड नको, बोर्ड न्या, बग टेबलावर चालवून दाखवा, सोबत एक पानभर प्रश्न.