नवख्या डिजिटल चित्रावर अभिप्राय कसा द्यावा, कसा घ्यावा

“मावशी, कसं झालंय?” म्हणत भाचीने फोन पुढे केला. आयबिस पेंट या चित्रकलेच्या ॲपवर तिने आजीचे, म्हणजे माझ्या आईचे चित्र काढले होते. खिडकीशी बसून आई तांदूळ निवडते आहे. मी लगेच सुरू झाले: डोळे फार वर गेलेत, सावली मळकट आहे, हात लहान झालेत, पदराच्या चुण्या कापडाच्या वाटत नाहीत. यातले काहीच खोटे नव्हते. तिने “हं” म्हणून फोन खाली ठेवला आणि पुढचे दोन महिने एकही चित्र दाखवले नाही.

नंतर ते चित्र पुन्हा पाहिले तेव्हा लक्षात आले की तांदूळ निवडताना आईची मान जशी उजवीकडे कलते, तशीच तिने पकडली होती. शिकवून येणारी गोष्ट नव्हे ती. आणि मी त्याबद्दल अवाक्षरही काढले नव्हते. तेव्हापासून मी जी पद्धत पाळते, ती इथे देते आहे.

आधी विचारा, मग बघा

चित्र समोर आले की पहिला प्रश्न आपण विचारायचा: “यात मी काय बघू?” कुणाला चेहरा जमला का एवढेच हवे असते, कुणाला रंग खटकत असतात, तर कुणाला फक्त दाखवायचे असते. फक्त दाखवायचे असेल तर मन लावून बघा आणि तिथेच थांबा.

बघताना फोनचा नाइट मोड बंद करा, नाहीतर सगळे चित्र पिवळे दिसेल आणि तुम्ही नसलेली चूक काढाल. लगेच झूमही करू नका. आधी चित्र काडेपेटीएवढे लहान करून बघा. लहान केल्यावरही माणूस काय करतो आहे हे कळत असेल, तर रचना उभी आहे. नवखे चित्रकार बहुधा झूम करूनच रंगवतात. त्यामुळे पापणीचा केस न् केस सुंदर येतो आणि डोके खांद्यांपेक्षा मोठे होऊन बसते.

जमलेले नेमके सांगा

“छान” या शब्दाने कुणाला काही कळत नाही. “मानेचा कल अगदी आजीचाच आहे” असे म्हटले की पुढच्या वेळी काय जपायचे ते काढणाऱ्याला कळते. महाराष्ट्रातल्या शाळांमधून एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिलेल्यांना आठवत असेल: हातात श्रेणी यायची, पण ‘ब’ नेमका कशामुळे मिळाला हे त्या अक्षरावरून कळायचे नाही. निदान आपण बोलताना तरी कारण सांगावे.

चूक एकच निवडा, आणि मुळाकडची निवडा

सर्वात अवघड काम हेच. चुका दहा दिसतात, सांगायची एक. मी ठरलेल्या क्रमाने जाते: आधी मोजमाप, मग उजेड-सावली, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी बारकावे. वरच्या पायरीवर चूक असेल तर खालच्या पायरीबद्दल बोलत नाही. डोळेच जागेवर नसतील तर पापण्यांची चर्चा कशाला?

चेहऱ्याच्या मोजमापात नेहमीची गफलत डोळ्यांची. टाळू ते हनुवटी या उंचीच्या साधारण मध्यावर डोळे येतात, पण केसांखाली कवटी आहे हे विसरल्यामुळे ते कपाळावर चढतात. दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याएवढी जागा असते. हे तोंडी सांगण्यापेक्षा चित्र आडवे फ्लिप करून दाखवा. क्रिता या चित्रकलेच्या ॲपमध्ये कीबोर्डवरची एम ही कळ दाबली की चित्र आरशात पाहिल्यासारखे उलटते, आणि प्रोक्रिएट व आयबिस पेंट या ॲपमध्येही ही सोय आहे. बराच वेळ बघून डोळ्याला सवयीचा झालेला तिरकेपणा उलट्या चित्रात एकदम दिसतो. “बघ बरं, तुला काय वाटतं?” एवढेच म्हणायचे. चूक तिची तिला सापडू द्या.

उजेडाच्या बाबतीत प्रश्न एकच: “ऊन कुठून येतंय?” उत्तर आले नाही तर चूक तिथेच आहे. नवशिके प्रत्येक आकाराच्या कडेकडेने मऊ ब्रशने काळे फिरवतात आणि मध्ये उजळ ठेवतात. मग गाल, हात, ताट सगळेच उशीसारखे फुगलेले दिसते. खिडकी डावीकडे असेल तर नाकाची सावली चित्रात उजवीकडे दिसणाऱ्या गालावर पडलीच पाहिजे, आणि तिची कड काही ठिकाणी धारदार हवी.

गडद-उजळ तपासायची सोपी युक्तीही सांगून ठेवा. सगळ्यात वर नवा लेयर, म्हणजे चित्रावरचा वेगळा थर, घ्यायचा, तो पूर्ण काळ्याने भरायचा आणि त्याचा ब्लेंडिंग मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळतो ते ठरवणारा पर्याय) ‘कलर’ करायचा. खालचे चित्र करडे दिसू लागते. चेहरा आणि मागची भिंत एकाच करड्या रंगाची झाली, तर रंगीत चित्रात चेहरा उठून का दिसत नव्हता ते समजते. आणि सावलीत सरळ काळा मिसळू नये. त्वचा राखेसारखी दिसते. रंगचक्रावर थोडे तांबड्याकडे किंवा जांभळ्याकडे सरकून गडद केले की सावलीतही जिवंतपणा राहतो.

पदराच्या चुण्या, दागिने, केस हे बारकावे पुढच्या चित्रांच्या वेळी सांगता येतील.

वरून काढून दाखवायचे असेल तर

डिजिटल चित्रात ही मोठी सोय आहे. मूळ चित्राला धक्का न लावता वेगळ्या लेयरवर लाल रेषेने दुरुस्ती दाखवता येते. पण परवानगी घेतल्याशिवाय ब्रश उचलू नका. दोन-चार रेषांत थांबा, सगळा चेहरा स्वतः काढून देऊ नका. नंतर तो लेयर बंद करून चित्र काढणाऱ्याच्याच हातात परत द्या. आयबिस पेंट आणि प्रोक्रिएट चित्र काढतानाचे टाइमलॅप्स रेकॉर्डिंग ठेवू शकतात. ते असेल तर जरूर मागा. डोळे कच्च्या रेषांतच वर गेले होते की रंगवताना सरकले, हे त्यातच दिसते.

आता चित्र तुमचे असेल तर

पूर्ण झालेले चित्र दाखवण्यापेक्षा अर्धे दाखवा. कच्च्या रेषा आणि दोन-तीन सपाट रंग झाले की विचारा, कारण तेव्हा डोळे खाली आणणे दोन मिनिटांचे काम असते. दहा तास रंगवल्यानंतर तेच ऐकायला जिवावर येते.

“कसं झालंय?” ऐवजी “खिडकीचा उजेड पटतोय का?” असे विचारा. समोर ठेवून काढायला रेफरन्स फोटो वापरला असेल तर तोही सोबत द्या. ट्रेस केले, म्हणजे फोटोवरच रेषा गिरवल्या असतील, तर तसे स्पष्ट सांगा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक रेषा धूसर होतात.

समोरचा बोलत असताना खुलासा करू नका. लिहून घ्या. “ही माझी स्टाइल आहे” हे वाक्य मनात आले तर स्वतःला विचारा: हेच मला नीट मोजमापात काढता येते का? येत असेल तर स्टाइल आहे, तिच्यावर ठाम राहा. येत नसेल तर अजून सराव हवा. वाईट वाटले तर एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी लिहिलेले वाचा. ज्याचे म्हणणे पटले नाही ते सोडून देण्याचा हक्क तुम्हाला आहे, मात्र एकमेकांशी न बोललेल्या दोघांनी एकाच जागी बोट ठेवले तर तिथे नक्की बघा.

आणि जुन्याच चित्रात दुरुस्त्या करत बसू नका. कागदावर रबराने खोडून कागद खराब व्हायला लागतो, तेव्हा हात आपोआप थांबतो. इथे अनडू दाबत महिनाभर एकच गाल रंगवता येतो. जुनी फाइल तारीख घालून ठेवा आणि तोच विषय नव्या कॅनव्हासवर घ्या.

भाचीने तसेच केले. आईचे दुसरे चित्र परवा दाखवले. मान तशीच कललेली, डोळे जागेवर आलेले. हात अजून लहान आहेत, ते मला दिसले. पण या वेळी तिने सावलीबद्दल विचारले होते, म्हणून आम्ही अर्धा तास सावलीवरच बोललो.