जास्तीच्या थायरॉईडला गोव्याचा उन्हाळा कसा सोसवायचा

मंगेशीला देवळाच्या वाटेवर मी फुलं विकते. अबोलीच्या फाती, हंगामात सुरंगी. माझा थायरॉईड जास्तीचा आहे, म्हणजे गळ्यातली ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन सोडते. लोकांना थायरॉईड म्हटलं की वजन वाढणं नि थंडी वाजणं एवढंच ठाऊक, पण ते कमी थायरॉईडचं. मग कोबी सोड, फ्लॉवर सोड, असे सल्ले फुकट मिळतात. ते सल्ले बाजूला ठेवा, आधी आपला रिपोर्ट बघा. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) कमी आणि टी-थ्री, टी-फोर (थायरॉईडची स्वतःची हार्मोन्स) वाढलेले असतील, तर हे तुमच्यासाठी.

उकाड्याचं आधी. या दुखण्यात अंग आतूनच जास्त उष्णता तयार करतं, आणि एप्रिल-मेमध्ये आपली हवा इतकी दमट की घाम येतो पण वाळत नाही. घाम उडाला तरच अंग गार होतं. म्हणून पंख्याचा वारा ओल्या कातडीवर घ्यायचा. मी बादलीत विहिरीचं पाणी घेते, दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवून पाच-दहा मिनिटं बसते, मग पिळलेला पंचा मानेवर टाकून पंख्यासमोर. पाण्याच्या कूलरवर पैसे घालवू नका, तो खोलीतली दमट हवा आणखी दमट करतो. मे महिन्यात वीज जायचीच, तेव्हा चार्जिंगचा छोटा पंखा जवळ असू द्या. कपडे सुती आणि सैल. नायलॉनची साडी कपाटात राहू दे.

थकवा मात्र चमत्कारिक. झोपून उठलं तरी जात नाही, कारण झोपेतही हृदय धावतच असतं. त्यात मांड्यांचे स्नायू अशक्त होतात. पाटावर बसलं की उठताना खांब धरावा लागतो. मी पाट सोडून उंच स्टूल घेतलं, सगळ्यांत मोठा फरक त्यानेच पडला. हात कापतात ते वेगळंच. अबोलीचा देठ नाजूक, केळीच्या दोऱ्याच्या फासात बसवायचा, आणि बोटं थरथरली की फूल निसटतं. म्हणून बारीक काम पहाटे उजाडता उजाडता, बारा ते चार काहीच नाही. त्या वेळात कुणी हार मागितला तर तयार असेल तो देते.

सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर नाडी धरा आणि घड्याळ बघून पूर्ण मिनिट मोजा, आकडा वहीत लिहा. शांत पडून असताना शंभराच्या वर जात असेल तर डॉक्टरांना सांगा. ठोके वेडेवाकडे पडत असतील तर त्याच दिवशी जा. धडधड आणि थरथर लवकर कमी करायला डॉक्टर प्रोप्रॅनोलॉल देतात. दमा असेल तर आधी सांगायला हवं, आणि शेजारणीची गोळी मागून घ्यायची नाही.

जेवण कमी करू नका. भरपूर खाऊनही माणूस झडतो. मी दोनदा उकड्या तांदळाची पेज घेते, सोबत मासळी किंवा उसळ. दुपारी मीठ घातलेलं कोकम, नाहीतर आडसराचं, म्हणजे शहाळ्याचं, पाणी. चहा-कॉफी धडधड वाढवतात, त्या कमी केलेल्या बऱ्या. काजूचा हुर्राक थंड असतो, असं आमच्या घरातले पुरुष शपथेवर सांगतील. त्यांचं ऐकू नका, दारूने अंगातलं पाणी जातं. आयोडीनची टॉनिकं स्वतःच्या मनाने घेऊ नका, घरातलं नेहमीचं मीठ चालतं.

कार्बिमाझोल, म्हणजे हार्मोन कमी करणारी गोळी, सुरू झाली की लगेच बरं वाटत नाही, कारण ग्रंथीत आधी साठलेलं हार्मोन संपायला आठवडे लागतात. कंटाळून सोडू नका. मात्र ती चालू असताना ताप आणि घसादुखी आली तर साधी सर्दी समजू नका. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासा. खूप ताप, नाडी सुसाट, उलट्या, बोलण्यात बरळ, असं झालं तर घरच्यांनी वाट न बघता १०८ लावायचा.

आणि केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा. त्यांनी थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा दिसू शकतो, आणि डोस त्याच रिपोर्टवर ठरतो.