दिवाळीच्या गर्दीत सर्व्हर कुठे अडेल, आधीच काढा

इंदूरच्या सियागंजातल्या एखाद्या घाऊक पेढीचा बिलिंग सर्व्हर धरा: लिनक्स, 7200 आरपीएमच्या (मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या) 4 हार्ड डिस्क. दिवाळीत बिलं वाढली की तो किती मंदावेल, हे आजच कागदावर मांडता येतं.

सिसस्टॅट (sysstat) पॅकेज टाका आणि ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी त्यातली आयओस्टॅट (iostat) ही डिस्कची कामं मोजणारी कमांड, मायनस एक्स (-x) लावून, 60 सेकंदांच्या अंतराने चालवा. पहिला अहवाल सोडून द्या, तो मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असतो. सेकंदाला रीड (वाचणं) किती, राइट (लिहिणं) किती, एवढंच टिपा. तेही अख्ख्या रेड डिव्हाइसवर. रेड (RAID) म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच डिस्क भासवणारी मांडणी; रेड 5 आणि रेड 10 हे तिचे प्रकार. सुट्या डिस्कवर मोजलंत तर रेडने वाढवलेले राइट त्यात आधीच आलेले असतात. ते पुन्हा गुणले की हिशेब बोंबलला.

आता डिस्कची ताकद. अर्धा फेरा 4.2 मिलिसेकंद, हेड सरकायला साधारण 8. मिळून 12.5 धरा, म्हणजे एका डिस्कची सेकंदाला 80 कामं, चौघींची 320.

समजा 90 रीड आणि 60 राइट आहेत. रेड 5 मध्ये एका छोट्या राइटमागे डिस्कवर 4 कामं होतात: 90 + 240 = 330. ताकद 320 चीच, म्हणजे इथेच खेळ खल्लास. रेड 10 मध्ये 2 होतात: 90 + 120 = 210, म्हणजे 320 पैकी वापर 66 टक्के. प्रतिसादाचा वेळ काढायचं ढोबळ सूत्र: 12.5 ÷ (1 − वापर). उत्तर 36 मिलिसेकंद. दिवाळीत 114 रीड आणि 76 राइट झाले, तर 266 कामं, वापर 83 टक्के आणि वेळ 74. काम जेमतेम सव्वापट, ताटकळणं दुप्पट! म्हणून 70 टक्क्यांपाशीच डिस्क वाढवा.

प्रत्यक्ष मोजलेला वेळ या अंदाजापेक्षा बराच कमी आला तर बहुधा रेड कंट्रोलरचा (डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाचा) राइट कॅश, म्हणजे लिहायचा डेटा तात्पुरता धरणारी मेमरी, मदत करतोय. त्याची बॅटरी तपासाच. ती गेली की बरेच कंट्रोलर थेट डिस्कवर लिहू लागतात आणि राइट एकाएकी रखडतात.

एसएसडीला हे फेऱ्यांचं गणित लागू नाही. तिथे फायो (fio) या चाचणीच्या प्रोग्रॅमने, डायरेक्ट (direct=1, म्हणजे लिनक्सचा कॅश टाळून) चालू ठेवून, आकडा स्थिरावेपर्यंत मोजा. कोऱ्या एसएसडीचा वेग फसवा असतो. राइट चाचणी मात्र वेगळ्या फाइलवरच. चालू डिव्हाइसचं नाव दिलंत तर डेटा गेलाच समजा.

शेवटी हेच सूत्र क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीत) टाका: दर तासाला अंदाज आणि मोजलेला वेळ शेजारी-शेजारी लिहा, वापर 70 टक्क्यांवर गेला की मेल पाठवा. रिबिल्ड (बदललेल्या डिस्कवर रेडने डेटा पुन्हा भरणं) चालू असतानाचे आकडे त्यातून वगळा.