लेकरांना फुलं रंगवायला शिकवताय? या चुका टाळा

"फूल काढा" म्हटलं की वर्गातल्या सगळ्या वह्यांत एकच फूल उगवतं. मधे गोल, भोवती पाच गोल, खाली दांडी, दांडीला दोन पानं. आपल्या शिवारात असलं फूल कोणत्याच झाडाला येत नाही. ते फळ्यावर आपणच काढून दिलेलं असतं. फूल न दाखवताच रंगपेटी उघडायला लावणं, ही पहिली चूक. पुढच्या बऱ्याच तक्रारी तिथूनच निघतात.

पळस फुलला की प्रत्येकाच्या हातात एकेक फूल द्या आणि पाकळ्या सुट्या करायला सांगा. एक मोठी पाकळी मागं वळलेली, दोन बाजूला, आणि मधे पोपटाच्या चोचीसारखा बाक. ज्यातून फूल निघतं ती वाटी काळपट, मखमली असते. पोट्टे ती हमखास हिरवी रंगवतात. टोकलं तर म्हणतात, "देठ हिरवंच रायते ना सर!" फूल डोळ्यांसमोर धरायला लावा, वाद मिटतो. फुललेल्या पळसावर पानं जवळपास नसतातच, तेव्हा सवयीनं काढलेली ती दोन पानंही जातील.

कापसाच्या फुलात चूक बहुधा आपल्याकडूनच होते. ते पहिल्या दिवशी फिकट पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. त्यामुळे एकानं पिवळं अन् दुसरीनं गुलाबी रंगवलं, तर दोघंही बरोबर. लाल पेन खिशातच ठेवा.

वेळही पाहा. जवसाचं निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. भेंडीचं फूलही दुपारनंतर मिटायला लागतं. जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला ही फुलं आणून काही उपयोग नाही. शनिवारची सकाळची शाळा यासाठी सोन्यासारखी.

आता रंग. सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे चिखल. केशरी हवा होता, तपकिरी गाळ झाला. कारण बहुतेक वेळा पाणी. एकाच डबड्यात सगळ्यांचे ब्रश बुडतात, हिरव्याचं पाणी पिवळ्यात जातं. दोन डबडी ठेवा, एक ब्रश धुवायला अन् एक स्वच्छ पाण्याचं, आणि ब्रश टिपायला जुन्या सुती कपड्याचा तुकडा. केशरी करताना आधी पिवळा घ्यावा, मग त्यात लाल टोकानं. लालमध्ये पिवळा घालत बसलं तर अर्धी बाटली संपते आणि रंग लालच राहतो. झेंडूची सावली दाखवायला पोरं काळा उचलतात. पिवळ्यात काळा पडला की तो शेवाळी हिरवा होतो, फूल सडल्यागत दिसतं. तिथं केशरी नाहीतर थोडा तपकिरी द्यावा.

पाकळीचा रंग पानात पसरतो? शेजारचा भाग ओला असतानाच हात लागलाय. उन्हाळ्यात आपल्याकडं रंग ब्रशवरच वाळतो, पण श्रावणात कागद लवकर वाळत नाही. तेवढ्या वेळात दुसऱ्या फुलाची पेन्सिल-रेघ काढून घ्यावी. पातळ वहीचा कागद पाण्यानं फुगतोच. जाड कार्ट्रिज कागद परीक्षेच्या पॅडला चारही बाजूंनी चिमट्यांनी लावला की बरंच निभावतं. आणि त्याच त्या जागी ब्रश घासू देऊ नका, कागद सोलवटून निघतो.

मोगरा, तगर ही पांढरी फुलं पांढऱ्या कागदावर "दिसत नाहीत", म्हणून पोरं काळ्या स्केचपेननं कडा ओढतात. माझ्या मते फुलाच्या चित्राचा याहून मोठा सत्यानाश नाही. फूल कोरं सोडायचं आणि मागची पानं गडद रंगवायची. पाकळीच्या खोलगट भागात खूप पातळ निळसर करडा, बस्स.

आणि मुलांच्या चित्रावर आपला ब्रश चालवू नये. दाखवायचंच असेल तर बाजूला रद्दी कागद घ्या. एकदा सरांनी "नीट करून दिलं" की पुढच्या वेळी पोरगी आधीच कागद पुढं करते.

रंगच नसले तरी अडत नाही. पळसाची फुलं पाण्यात उकळली की पिवळसर केशरी रंग निघतो. कागदावर तो फिका येतो, म्हणून वाळू देऊन दोन-तीन हात द्यावे लागतात. जास्वंदाची पाकळी कागदावर घासली की जांभळट डाग पडतो, त्यावर लिंबाचा थेंब टाकला की गुलाबी होतो. हे पाहायला मागच्या बाकावरचेही पुढं येतात. असले रंग उन्हात उडतात, तेव्हा चित्र खिडकीत लावू नका.

कण्हेर आणि धोतरा मात्र चुरगाळायला देऊ नका, दोन्ही विषारी. ती फुलं लांबूनच पाहून काढायची. हात लागलाच, तर खिचडीची घंटा व्हायच्या आत साबणानं धुवून घ्यायचे.