रिअ‍ॅक्शन होईल की नाही हे तपासताना या चुका टाळा

पार्टिकल फिजिक्सच्या पेपरात कणांची एखादी रिअ‍ॅक्शन किंवा डिके (कण आपोआप तुटणं) देऊन विचारतात की हे शक्य आहे का, आणि बरेच जण लगेच चार्ज, बॅरिऑन नंबर (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांची मोजणी), स्ट्रेंजनेस (कणातल्या स्ट्रेंज क्वार्कवरून येणारा आकडा) असा तक्ता भरायला बसतात, स्ट्रेंजनेस जुळला नाही की मारली फुली. माझ्या मते सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात. आधी कुठला फोर्स आहे ते बघा, स्ट्राँग, इलेक्ट्रोमॅग्नेटिक की वीक!

लॅम्डा हा कण घ्या. त्याचा स्ट्रेंजनेस −1, तो प्रोटॉन आणि पाय-मायनस (निगेटिव्ह पायॉन) यांच्यात तुटतो, दोघांचाही स्ट्रेंजनेस 0, म्हणजे जुळत नाहीच, पण हा डिके खरोखर होतो कारण तो वीक आहे आणि वीकमध्ये स्ट्रेंजनेस 1 ने बदलू शकतो. म्हणूनच लॅम्डा साधारण 2.6 × 10⁻¹⁰ सेकंद टिकतो, स्ट्राँगने तुटत असता तर 10⁻²³ सेकंदाच्या आसपासच संपला असता. क्साय-मायनसचा स्ट्रेंजनेस −2, त्यामुळे तो थेट न्यूट्रॉनवर येत नाही, आधी लॅम्डा होतो. सिग्मा-झिरो मात्र फोटॉन सोडून लॅम्डा होतो, तिथे आयसोस्पिन (अप-डाउन क्वार्कशी जोडलेला नंबर) 1 चा 0 होतो आणि तेही चालतं, कारण इलेक्ट्रोमॅग्नेटिकमध्ये आयसोस्पिन टिकलाच पाहिजे असं नाही.

दुसरी चूक चिन्हाची. स्ट्रेंज क्वार्कचा स्ट्रेंजनेस −1 असतो, +1 नाही, आणि के-प्लसमध्ये अँटी-स्ट्रेंज असल्यामुळे त्याचा +1. पाय-मायनस प्रोटॉनवर आदळून के-प्लस आणि सिग्मा-मायनस मिळतात, पण के-मायनस आणि सिग्मा-प्लस नाही मिळत, चार्ज दोन्हीकडे जुळतो तरी दुसऱ्यात स्ट्रेंजनेस 0 वरून थेट −2 होतो आणि स्ट्राँगमध्ये तो टिकलाच पाहिजे.

न्यूट्रल म्हणजे स्वतःचाच अँटीपार्टिकल असंही धरू नका. पाय-झिरो आहे, न्यूट्रॉन नाही (बॅरिऑन नंबर उलटतो), के-झिरोपण नाही.

आता पॅरिटी (आरशासारखं उलटवल्यावर चिन्ह बदलतं का ते सांगणारा +1 किंवा −1). ती बेरजेने नाही, गुणाकाराने जाते आणि (−1)ᴸ (L म्हणजे कणांचा ऑर्बिटल अँग्युलर मोमेंटम) लोक हमखास विसरतात. वीकमध्ये तर ती टिकतच नाही, भौतिकशास्त्रज्ञ वू यांच्या कोबाल्ट-60 च्या प्रयोगातून 1957 मध्ये हे दिसलं. आणि रो-झिरो हा कण दोन पाय-झिरोमध्ये का तुटत नाही? चार्ज जुळतो, पॅरिटीही जुळते. पण रोचा स्पिन 1, पायॉनचा 0, म्हणजे L = 1 लागतो, आणि दोन अगदी सारख्या बोसॉनना (पूर्णांक स्पिनच्या कणांना) विषम L चालत नाही. पाय-प्लस आणि पाय-मायनस वेगळे आहेत, तिथे ही अडचण येत नाही, म्हणून तो डिके आरामात होतो.