प्लॅस्टर निघालं, पण मनगट वळेना? या चुका टाळा

ओल्या मोरीत पाय घसरला की माणूस हात पुढे टेकवतो आणि अंगाचा सगळा भार तळहातावर येतो. मनगटाजवळचं रेडियस हाड मोडतं ते बहुतेक वेळा असंच. आयरिश सर्जन अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये, म्हणजे एक्स-रेचा शोध लागायच्या कितीतरी आधी, याचं वर्णन केलं. म्हणून आजही कागदावर 'कॉलिस फ्रॅक्चर' असं लिहिलेलं दिसतं. हाड साधारण पाच-सहा आठवड्यांत जुळतं. लोक खरे रडकुंडीला येतात ते त्यानंतर, आखडलेल्या हातामुळे. आणि हा आखडलेपणा पुष्कळदा प्लॅस्टर असतानाच सुरू झालेला असतो.

"हाताला पूर्ण आराम द्या"

आराम मनगटाला द्यायचा, बोटांना नाही. बोटं, कोपर आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलले पाहिजेत. सुजेचं पाणी साचून राहिलं की बोटांचे स्नायुबंध, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, आजूबाजूला चिकटू लागतात. तासातासाने पूर्ण मूठ वळा, मग बोटं पूर्ण सरळ करा. प्लॅस्टर तळहातावरच्या आडव्या रेषेच्या पुढे आलं असेल तर मूठ वळणारच नाही. ते कापून घ्या, डॉक्टरांना तसं सांगायला संकोच कसला? झोळीही नीट बघा. पंजा कोपराच्या खाली लोंबत असेल तर सूज वाढते. दिवसातून काही वेळा झोळी काढून हात डोक्यावर न्यायचा, नाहीतर मनगट बरं होईपर्यंत खांदा धरतो. अंगठी मात्र लगेच काढा, सूज चढल्यावर ती कापावी लागते.

प्लॅस्टर आवळतंय, बोटं निळी-पांढरी पडलीत, बधिर झालीत किंवा कळा थांबतच नाहीत, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.

मालिश आणि ओढाताण

प्लॅस्टर निघालं की घरात कुणीतरी तेलाची बाटली घेऊन हजर होतं. त्वचेवरून हलका हात फिरवायला हरकत नाही. पण मनगट धरून जोरात वाकवणं, "थोडं दुखणारच" म्हणत खेचणं यामुळे सांधा आणखी सुजतो आणि आणखी आखडतो. व्यायाम करताना ताण जाणवावा, थोड्या वेळात तो उतरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर आदल्या दिवशी जास्त झालं. संध्याकाळी तासभर घाम गाळण्यापेक्षा दिवसभरात पाच-सहा वेळा थोडं थोडं केलेलं बरं.

रबरी चेंडू

सगळे हाच विकत आणतात. माझ्या मते सुरुवातीला तो कपाटातच बरा. चेंडू मध्ये असल्यामुळे बोटं अर्ध्यावरच अडतात, पूर्ण मूठ होतच नाही, आणि मनगट तर जागचं हलत नाही. आधी रिकामी मूठ, ताकद नंतर.

दोन लबाड्या हात स्वतःच करतो, त्या पकडायला शिका. मनगट वर उचलताना बोटं ताठ होत असतील तर मनगटाचं काम बोटांचे स्नायू करताहेत. म्हणून सैल मूठ करूनच मनगट उचला. दुसरी तळहात वर करताना होते. तीर्थ घ्यायला हात पुढे करतो तशी ही हालचाल, आणि परत यायला फार वेळ लावणारी. ती जमत नाही म्हणून लोक कोपर बरगडीपासून लांब नेतात, अंग वाकवतात. काखेत घडी केलेला नॅपकिन धरा. तो पडला की लबाडी झाली. मुठीत लाटणं उभं धरून सावकाश दोन्ही बाजूंना कलंडवणं हा साधा, चांगला व्यायाम.

प्लेट बसवलेल्यांना हालचाल बरीच लवकर सुरू करायला सांगतात. शेजारच्या काकूंचं वेळापत्रक तुम्हाला लागू नाही. कपडे पिळणं, भरलेली बादली, हात टेकून जमिनीवरून उठणं, हे एक्स-रे पाहून डॉक्टरांनी होकार दिल्यावरच. पकड पूर्ववत व्हायला काही महिने जातात.

व्यायामाने न सुटणाऱ्या गोष्टी

तळहात टेबलावर पालथा ठेवल्यावर अंगठा वर उचलता येत नाही? अंगठ्याचा स्नायुबंध तुटला असू शकतो. फ्रॅक्चर किरकोळ असलं तरी आठवड्यांनंतर हे होतं, आणि फिजिओ नव्हे, सर्जन लागतो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होत असेल तर मध्यिका नस, म्हणजे मनगटातून या बोटांकडे जाणारा मज्जातंतू, दाबली जात असावी. हात चकचकीत, लालसर किंवा निळसर झाला, घाम सुटतोय, आग होतेय, पदराचा स्पर्शही सोसत नाही, अशा वेळी "होईल हळूहळू" म्हणून दिवस घालवू नका. लवकर उपचार झाले तर फरक पडतो.

आणि वय पन्नाशीपुढे असेल, नुसतं उभ्याचं पडून मनगट मोडलं असेल, तर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्या. प्लॅस्टर निघाल्याच्या आनंदात ही चिठ्ठी हमखास पिशवीतच राहते.